मिझोराम आणि श्रीलंका: बंड मिटवण्याच्या दोन वाटा

मार्च १९६६ मध्ये स्वतंत्र मिझोरामसाठी उठलेल्या मिझो नॅशनल फ्रंटचं बंड मोडायला भारताने स्वतःच्याच ऐझॉलवर (आजची मिझोरामची राजधानी) विमानांतून हल्ला केला. नंतर गावंच्या गावं उठवून लष्करी पहाऱ्यातल्या वस्त्यांत कोंबली. तरी बंड वीस वर्षं धुमसलं. मिटलं ते १९८६ च्या करारानं: बंडखोरांनी शस्त्रं टाकली आणि त्यांचे नेते लालडेंगा चक्क मुख्यमंत्री झाले! १९८७ मध्ये स्वतंत्र राज्य, शिवाय जमिनीला आणि रूढींना घटनेचं संरक्षण. पुढे सत्ता गेली, पण राजकीय पक्ष बनलेला फ्रंट जंगलात परतला नाही. १९९८ मध्ये मतांवर पुन्हा निवडून आला. मला हीच वाट स्वस्तातली वाटते.

श्रीलंकेनं मे २००९ मध्ये वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणारी लिट्टे ही सशस्त्र संघटना रणांगणात संपवली. तिचे आत्मघाती स्फोट थांबले, हे खरंच. पण प्रांतांना अधिकार देणारी १९८७ ची घटनादुरुस्ती अर्धवटच अमलात आली आणि बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन तमिळ आया रस्त्यावर बसल्या.