डोमेन ट्रान्सफर करून देतो म्हणाला आणि स्वतःच्या नावावर करून घेतलं

गेलेला आकडा आधीच सांगते: २६,०३९ रुपये. ३,५३९ अधिक ४,५०० अधिक १८,०००. शिवाय अकरा वर्षं वापरलेला वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, गेला, त्यावरचा ईमेल गेला आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर परदेशातल्या ऑर्डरी गेल्या. गावाचं नाव घालत नाही. घातलं तर पोलीस ठाणं कुठलं तेही कळेल, आणि मला तिथे अजून जावं लागतं.

मी फराळ करून परदेशी पाठवते. डोमेन माझ्या भाच्यानं २०१३ मध्ये घेऊन दिलं होतं, .कॉम. दर ऑक्टोबरला रिन्यू करायचं, संपलं. गेल्या दोन वर्षांत डोमेन देणाऱ्या कंपनीनं रिन्यूअलचे दर वाढवले म्हणून मी कुरकुरत होते हे खरं. पण म्हणून मी काही लोभी नाही. हजार-दीड हजार वाचवावेसे कोणाला वाटत नाहीत?

६ सप्टेंबर २०२४, शुक्रवार, हरतालिका. उपास, गॅसवर सारण, आणि फोन. "ताई, तुमचं डोमेन १९ ऑक्टोबरला एक्स्पायर होतंय." तारीख बरोबर. मला वाटलं, तारीख माहीत आहे म्हणजे कंपनीचाच माणूस. नंतर भाच्यानं दाखवलं की 'हू-इज' या डोमेनच्या खुल्या नोंदवहीत कुठल्याही .कॉमची मुदत कोणालाही दिसते. फोन नंबर तर मीच वेबसाइटवर ठळक छापलेला. म्हणजे त्याच्याकडे माझी खास माहिती काहीच नव्हती.

मराठी बोलत होता, पुण्याचा म्हणाला. हिंदीत फोन आला असता तर मी दोन मिनिटांत ठेवला असता. तो म्हणाला, आमच्याकडे ट्रान्सफर करा, वर्षाची मुदत, हॉस्टिंग आणि देखभाल सगळं मिळून २,९९९ अधिक जीएसटी. बिलही पाठवलं, ३,५३८ रुपये ८२ पैसे, पूर्ण आकड्यात ३,५३९. बिलावरच्या जीएसटी नंबरची सुरुवात ०७ नं होती. ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा कोड २७, जो माझ्या स्वतःच्या बिलावर मी वर्षानुवर्षं बघते आहे! पुण्याचा माणूस दिल्लीचा नंबर कशाला लावेल? दिसलं ते महिन्यानंतर. बिल आलं की जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून बघा, अर्धा मिनिट लागतो.

मग फोनवर तो सांगत गेला आणि मी करत गेले. पॅनेल उघडा. डोमेन लॉक आहे ते बंद करा. खाली 'ऑथ कोड' मिळेल तो कॉपी करून व्हॉट्सअॅप करा. मी केला. हा कोड म्हणजे डोमेन दुसऱ्या कंपनीत हलवायची परवानगी. घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात दिली आणि वर त्याला "थँक्यू दादा" म्हटलं. हा कोड बँकेच्या ओटीपीसारखा समजा. ट्रान्सफर करायचंच असेल तर नव्या कंपनीत आधी स्वतःचं खातं स्वतःच्या ईमेलनं उघडा आणि कोड त्या खात्यात स्वतःच्या हातानं टाका. मधे कोणी माणूस लागतच नाही.

आता जे लिहायला लाज वाटते ते.

९ सप्टेंबरला जुन्या कंपनीचा ईमेल आला होता. मी तो ११ तारखेला वाचला, गौरीपूजनाच्या दिवशी, सोळा भाज्यांच्या गडबडीत. पण वाचला. पूर्ण वाचला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की तुमचं डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवण्याची विनंती आली आहे, ती तुम्हाला मान्य नसेल तर १४ तारखेच्या आत या लिंकवर जाऊन रद्द करा, आणि काहीच केलं नाहीत तर ट्रान्सफर आपोआप पूर्ण होईल. नव्या कंपनीचं नावही होतं, आणि ते त्यानं सांगितलेल्या नावापेक्षा वेगळं होतं. मला ते खटकलं. मनात पाल चुकचुकली. आणि मी काय केलं? त्या मेलचा फोटो काढून त्यालाच पाठवला! चोराला विचारलं, दादा, ही चोरी आहे का हो?

"ताई, जुन्या कंपन्या गिऱ्हाईक सोडत नाहीत, घाबरवायला असे मेल टाकतात. इग्नोर करा."

केलं इग्नोर. तीन दिवस हातात होते. एक क्लिक. भाच्याला एक फोन केला असता तरी पुरे होतं, पण गौरीजेवणाच्या दिवशी त्याला कुठे त्रास द्यायचा असं वाटलं. हे मी रोज रात्री स्वतःला सांगते, आणि रोज रात्री ते पटत नाही.

१४ ला ट्रान्सफर झालं. लॉगिन मागितलं तर "देखभाल आमच्याकडे आहे, तुम्ही फराळाकडे बघा." .कॉमचं ट्रान्सफर झालं की मुदत एक वर्षानं वाढते. म्हणजे माझ्याच पैशानं माझं डोमेन त्यानं त्याच्या खात्यात ऑक्टोबर २०२५ पर्यंत पक्कं करून घेतलं. वर हिशेबात दोन-अडीच हजार शिल्लक!

अनंत चतुर्दशीला त्यानं नेमसर्व्हर, म्हणजे वेबसाइट आणि मेल कुठे जायचे ते ठरवणारी सेटिंग, बदलले असावेत. त्या दिवसानंतर मला एकही मेल नाही. माझ्या लक्षात आलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागला आणि त्या पंधरवड्यात ऑर्डरी तशाही थंड असतात. २० तारखेला न्यू जर्सीहून एका जुन्या गिऱ्हाईक वहिनींचा फोन आला, "काकू, तुम्ही बंद केलंत का? तीन मेल परत आले." तेव्हा डोळे उघडले. ट्रान्सफरनं आपोआप मेल बंद पडत नाही, पण डोमेन ज्याच्या खात्यात, मेल कुठे जायचा ते तोच ठरवतो.

त्याला फोन केला. म्हणाला, मेल परत सुरू करायला मायग्रेशन चार्ज, ४,५००. भरले. (हसा.) मेल दोन दिवस सुरू झाला आणि परत बंद. २४ तारखेला खरा चेहरा बाहेर आला: डोमेन हवं असेल तर ६५,०००. शिवाय, "आयकॅनचा नियम आहे ताई, ट्रान्सफर झालं की ६० दिवस दुसऱ्या कंपनीत हलवता येत नाही. १३ नोव्हेंबरपर्यंत विसरा. पैसे दिलेत तर आमच्याच कंपनीत तुमच्या खात्यात आज ढकलतो." आयकॅन म्हणजे डोमेनचे नियम ठरवणारी जागतिक संस्था, आणि साठ दिवसांचा नियम खराच आहे. पाडवा होता २ नोव्हेंबरला. माझा सगळा हंगाम त्या साठ दिवसांच्या पोटात होता, हे तो माझ्यापेक्षा नीट ओळखून होता. घासाघीस करून १८,००० आधी, बाकी नंतर असं ठरलं. २७ ला पाठवले. २७ लाच त्यानं मला ब्लॉक केलं.

तक्रारीचं ऐका आता. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "वेबसाइट हॅक झाली का?" नाही म्हटलं, डोमेन गेलं. "म्हणजे काय गेलं?" मी पत्ता, नाव, भाडं असं सगळं समजावलं. तर म्हणाले, "तुमच्या नावावर आहे याचा सातबारा वगैरे काही आहे का?" अकरा वर्षांच्या रिन्यूअलच्या पावत्या पुढे ठेवल्या. "पण कोड तुम्हीच दिला ना? मग हा आपसातला व्यवहार." सायबरकडे जा म्हणाले. सायबरवाले म्हणाले, आधी ठाण्यातून पत्र आणा. ठाण्यातले साहेब बंदोबस्ताला. चार चकरा, प्रत्येक वेळी सगळी कथा पहिल्यापासून, आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर तेच: एवढी शिकलेली बाई, कळलं नाही? २६ हजारांसाठी कोण हलणार, असं एकानं तोंडावर सांगितलं. मग किती गेले म्हणजे हलतात? तो आकडा भिंतीवर लावा, म्हणजे आम्ही तेवढे घालवूनच येऊ.

जुनी कंपनी म्हणते, कोड बरोबर होता, मेलही पाठवला होता, आमचं काम संपलं. नवी कंपनी म्हणते, आमचा ग्राहक तो आहे, तुम्ही नाही. ट्रान्सफरच्या वादाची एक अधिकृत प्रक्रिया आहे, पण ती तक्रार कंपनीनं दुसऱ्या कंपनीविरुद्ध करायची, डोमेन गमावलेल्यानं नाही. दुसरा मार्ग जिनिव्हाच्या वायपोकडे, म्हणजे ट्रेडमार्क-कॉपीराइट बघणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेकडे. तिथे एका पंचाची फी १,५०० डॉलर, म्हणजे सव्वा लाखाच्या घरात, आणि ट्रेडमार्क दाखवावा लागतो. फराळाला ट्रेडमार्क मी कशाला घेतला असता? (आता अर्ज केला आहे. तुमचंही नाव चालत असेल तर करून ठेवा.)

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी दहा दिवस उशिरा फोन केला, लाजेपायी. पैसे गेल्या गेल्या केला तर पुढच्या खात्यात ते अडवता येतात. माझे तोवर तिथून उडाले होते. घरात यांनाही सांगितलं नव्हतं, त्यांना बँकेच्या मेसेजवरून कळलं.

आणखी एक, खातं उघडून आज बघा: डोमेन तुमच्या नावावर आहे का, की वेबसाइट करून देणाऱ्या पोराच्या? नोंदवलेला ईमेल चालू आहे का? आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका, नाहीतर डोमेनबरोबर इशारा देणारा मेलही जातो. माझा नशिबानं जीमेलवर होता. इशारा आला होता. मीच तर वाचला.

२०२३ च्या दिवाळीत २१२ पार्सलं गेली होती. या वेळी ६१, तीही फोनवरून. नवं डोमेन .इन घेतलं, ते मात्र माझ्या खात्यात, माझ्या हातानं. जुन्या पत्त्यावर सध्या जाहिरातींचं पान दिसतं. तिथून कोणी फराळाचे पैसे मागितले तर ती मी नाही. डब्यांची १,५०० लेबलं गणपतीआधीच छापून आली होती, सगळ्यांवर जुना पत्ता. त्यावर नव्याचे स्टिकर लावत बसते दुपारी. अजून ६४० राहिलेत.