क्रोशा, कुंड्या की खाडीवरचे पक्षी? ठाणे-नवी मुंबईत रोजचा ताण उतरवायला काय निवडावं

छंद निवडताना आवडीचा विचार सगळेच करतात. आपल्याकडे त्याआधी वेळेचा हिशेब मांडावा लागतो. ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बसून मिळालेली पंचवीस मिनिटं, सकाळी चहा उकळेपर्यंतची दहा मिनिटं आणि रविवारचे सलग तीन तास या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एका वेळेचा छंद दुसऱ्या वेळेत कोंबला, की त्याचंच ओझं होतं.

ऑफिस सुटल्यावरही डोक्यात तेच संभाषण फिरत राहत असेल, तर क्रोशा घ्या. टाके मोजताना मन भरकटलं की ओळ चुकते, त्यामुळे ते आपोआप परत येतं. खर्चही सगळ्यात कमी. ४ मिमीची सुई आणि मध्यम जाडीच्या सुती दोऱ्याचा एक गुंडा पुरतो. दोरा फिकट रंगाचा घ्या. काळ्या दोऱ्यातले टाके सवय झालेल्या डोळ्यांनाही नीट दिसत नाहीत. आपल्या दमट हवेत घामेजलेल्या हातात लोकर चिकटते, सूत सरकतं. २१ साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब (सिंगल क्रोशे, म्हणजे आखूड टाका) घ्या, ओळीत २० खांब झाले पाहिजेत. मग एक साखळी घालून उलटायचं आणि पुन्हा २०. तुकडा वर जाताना निमुळता होत गेला, तर ओळीतला शेवटचा टाका सुटतोय. प्रत्येक ओळीच्या पहिल्या खांबात सेफ्टीपिन अडकवा, परत येताना तोच शेवटचा टाका असतो. सुई आत शिरेनाशी झाली, तर दोरा फार ओढला जातोय. तणावात असलेल्या माणसाच्या हातून हे हमखास होतं. एक मापाने मोठी सुई घ्या. ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीत जागा मिळाली तरच विणा, उभ्याने गर्दीत सुई काढू नका. वीस मिनिटांनी बोटं आणि मान मोकळी करा. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्याचे खांदे आधीच आखडलेले असतात आणि क्रोशा त्यात भर घालतो. ही त्याची खरी उणी बाजू.

कुंड्यांना रोज दहाच मिनिटं लागतात, पण ती चुकवून चालत नाही. इथे पहिला प्रश्न उन्हाचा. समोरच्या टॉवरमुळे बाल्कनीत चार तासही थेट ऊन येत नसेल, तर मोगऱ्याचा हट्ट सोडा. मनीप्लांट, स्नेक प्लांट लावा. फुलत नसलेला मोगरा रोज बघणं हा नवाच ताण. दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत हे मिश्रण चांगलं. बहुतेक झाडं मात्र जास्त पाण्याने मरतात. कोकोपीट वरून सुकं दिसतं आणि खाली ओलं असतं, म्हणून बोट दोन पेरं आत घालून पाहा. बोटाला ओली माती चिकटली तर पाणी नको. पावसाळ्यात ताटल्या काढून ठेवा, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं, तर तो पिठ्या ढेकूण. १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि द्रव साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. गणपतीला आठ दिवस गावी जात असाल, तर पाणी कोण घालणार, हे झाडं आणण्याआधीच ठरवा.

खाडीवरच्या पक्ष्यांना अर्धा दिवस द्यावा लागतो आणि त्या बदल्यात ते शरीरालाही चालवतात, हे उरलेल्या दोघांना जमत नाही. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. साधारण नोव्हेंबर ते मे रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, इथे असतात. लोक निराश होऊन परततात ते भरती-ओहोटी न पाहता गेल्यामुळे. ओहोटीला पक्षी खाडीतल्या उघड्या चिखलावर दूर पसरतात. भरतीने चिखल बुडाला, की नेरुळच्या पाणथळ जागांवर येऊन विसावतात. म्हणून नेरुळला भरतीच्या वेळी जा. ऐरोलीच्या खाडीसफरीच्या होड्याही भरती बघूनच सुटतात. कोळ्यांचा जुना हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. खाडीत आत थोडा उशीर धरा. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी उंचीची भरती असते, सगळा चिखल बुडत नाही आणि किनाऱ्याजवळ पक्षी कमी येतात. पौर्णिमा-अमावास्येच्या मागचे-पुढचे दिवस निवडा.

दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगांची. १० पटीची हातात थरथरते आणि नवशिक्याला पक्षी सापडेपर्यंत तो उडालेला असतो. आधी उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचं चित्र स्वच्छ करा, मग डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवा. ही जुळणी न केल्यानेच अनेकांचं डोकं दुखतं आणि महागाची दुर्बीण कपाटात जाते. चश्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप खाली दाबा.

भांडण किंवा मीटिंगनंतर लगेच छाती धडधडते, तेव्हा यातलं काहीच उपयोगाचं नाही. तिथे चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं करा. आणि दोन आठवडे झोप किंवा भूक उडालेली असेल, तर छंद शोधत बसू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा १४४१६ या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारच्या मोफत टेलि-मानस क्रमांकावर बोला.

ताण बसून-बसून आलेला असेल, तर आमचा कौल पक्ष्यांना; विचारांनी आलेला असेल, तर क्रोशाला. कुंड्या घरात ज्याला रोजची शिस्त आवडते त्याच्यासाठी. मात्र आत्ता जून असेल, तर दुर्बिणीची खरेदी दिवाळीनंतरवर ढकला. पक्षी गेलेले असतात आणि पावसाळी दमटपणात पडून राहिलेल्या भिंगांवर बुरशी चढते. आधीच घेतली असेल, तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.