मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही: राणीच्या डोळ्यांबाबत झालेली आमची फसवणूक

गेल्या वर्षी मे महिन्यात आमची आठ वर्षांची पॉमेरेनियन कुत्री राणी दिवाणाला धडकू लागली आणि पंधरा दिवसांत तिचे दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे झाले. त्याआधी दोन महिने ती वाडगेच्या वाडगे पाणी पीत होती आणि घरातच लघवी करत होती. लातूरचा उन्हाळा आहे, असे म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले, ही चूक मला मान्य आहे.

प्राण्यांचे खाद्य विकणाऱ्या एका दुकानदाराने ज्यांचे नाव सुचवले, ते गृहस्थ स्वतःला डॉक्टर म्हणवत आणि घरी येत. मोबाइलच्या उजेडात डोळे पाहून ते म्हणाले, "ताई, वडस (म्हणजे डोळ्यावरचा पडदा) आलाय, ऑपरेशन कशाला, थेंबांनी विरघळेल." एका बाटलीचे १,४०० रुपये, अशा सात बाटल्या आम्ही पाच महिन्यांत घेतल्या. बाटलीवर घटकांची नावे नव्हती, बॅच क्रमांक नव्हता, मुदतही नव्हती. पुढे "लेसरने काढू, चिरफाड नाही" असे सांगून त्यांनी १२,००० रुपये पावतीविना आगाऊ घेतले आणि फोन बंद केला. आमच्याच गल्लीतील बारा वर्षांच्या कुत्र्यालाही त्यांनी तेच थेंब दिले होते. त्या कुत्र्याच्या डोळ्यांत वयोमानाने येणारी निळसर झाक होती, जिच्यात डोळ्यातले भिंग घट्ट होते पण दिसणे फारसे जात नाही. फेकलेला भाकरीचा तुकडा तो हवेतच झेलत असे.

पैशांपेक्षा त्या पाच महिन्यांचे दुःख मोठे आहे. राणीचा उजवा डोळा लाल होऊन फुगला, तेव्हा आम्ही तिला पुण्यात प्राण्यांच्या नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले. त्यांनी सर्वांत आधी रक्तातील साखर तपासली. राणीला मधुमेह होता. वाढलेल्या साखरेचे भिंगात सॉर्बिटॉल बनते, ते पाणी ओढून घेते आणि भिंग फुगून थोड्याच काळात पांढरे पडते, हाच मोतीबिंदू, असे त्यांनी समजावले. त्या भिंगातून झिरपलेल्या प्रथिनांनी डोळ्याला आतून दाह झाला, दाब वाढून काचबिंदू झाला आणि उजवा डोळा काढावा लागला.

साखर आटोक्यात आणून, सोनोग्राफी करून आणि दृष्टिपटल काम करते की नाही हे ईआरजी तपासणीने पाहून, मगच पूर्ण भूल देऊन डाव्या डोळ्याचे फेको ऑपरेशन (ध्वनिलहरींनी खराब भिंग फोडून बाहेर काढणे) झाले. त्यानंतर तीन आठवडे गळ्यात प्लास्टिकचा कोन, मानेवर ताण नको म्हणून पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस, दिवसातून सहा वेळा थेंब आणि दोन वेळा इन्सुलिन असा क्रम चालला. थेंबांच्या वेळा आम्ही फ्रिजवर चिकटवल्या होत्या.

भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकाची नोंदणी असावी लागते आणि आपल्याकडे ती महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेत, म्हणजे नागपूरला होते. नोंदणी क्रमांक पहिल्याच भेटीत मागावा आणि डोळे पांढरे दिसताच रक्तातील साखर तपासून घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी क्रमांक विचारला तो पाचव्या महिन्यात, आणि "पुढच्या वेळी सर्टिफिकेट आणतो" एवढेच उत्तर मिळाले. सातही रिकाम्या बाटल्या जपून ठेवल्या आहेत. जिल्हा ग्राहक आयोगाकडे करायच्या तक्रारीसोबत त्या जोडणार आहे.