हिवाळ्यात फिरायला: पहाटे सहा की दुपारी साडेचार?

डिसेंबर-जानेवारीत पुण्या-मुंबईत ‘पहाटेची हवा शुद्ध’ हे विसरा. रात्री जमीन निवते, तिला टेकलेली हवा गार पडते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. वाराही पडलेला. शेकोट्यांचा, कचऱ्याचा, गाड्यांचा धूर खालीच कोंडतो. आठ-नऊला रहदारीची भर. ऊन तापून झाकण सुटायला बहुधा दहा-अकरा वाजतात.

साडेचारला हवा उंचापर्यंत घुसळलेली असते, मुंबईत खारा वाराही सुटलेला. त्यामुळे पीएम २.५, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं प्रमाण, सहसा दिवसातलं सर्वांत कमी. तोटा ओझोनचा, हा श्वासाला त्रासदायक वायू उन्हातच तयार होतो. सहानंतर ऑफिसं सुटली की सवलत संपली.

सरकारी एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) साधारण २४ तासांच्या सरासरीवर काढतात, त्यावरून वेळ ठरत नाही. ताशी पीएम २.५ बघा.

दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी आणि वयस्करांनी साडेचारच धरावं, हमरस्त्यापासून आत. नोकरदारांना सकाळच जमत असेल तर वारा असलेले दिवस निवडावेत. धुरकट दिवशी सूर्यनमस्कार घरात. पावसाळ्यात दोन्ही वेळा चालतात, सरी धूळ धुऊन नेतात.