मोबाइल, टॅब की टीव्ही? लहान मुलांच्या डोळ्यांसाठी कमी त्रासाचं काय

मुलाला स्क्रीन द्यायचीच असेल तर कोणती द्यावी, असं आईबाबा विचारतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक वेळा स्क्रीनच्या उजेडाची भीती असते. पण लहान वयात खरी काळजी करायची ती मायोपियाची, म्हणजे मायनस नंबरची. जन्मतः नेत्रगोल साधारण 16-17 मिलिमीटर लांब असतो आणि मोठेपणी 23-24 मिलिमीटर होतो. ही वाढ गरजेपेक्षा जास्त झाली की लांबच्या वस्तूची प्रतिमा नेत्रपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, अलीकडेच पडते आणि लांबचं धूसर दिसतं. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे जवळपास अडीच-तीन नंबर. चष्म्याने स्पष्ट दिसतं, पण लांबलेला डोळा काही पूर्ववत होत नाही. नंबर जितक्या लहान वयात लागतो तितकी तो वाढायला वर्षं जास्त मिळतात, आणि मोठ्या नंबरासोबत पुढे नेत्रपटल सुटणं, काचबिंदू असे धोकेही वाढतात.

म्हणून तुलना करताना सगळ्यात आधी अंतर बघायचं. डोळ्याला फोकससाठी किती जोर लावावा लागतो, याचा हिशोब सोपा आहे: एकला मीटरमधल्या अंतराने भागायचं. तीन मीटरवरच्या टीव्हीसाठी हा जोर 0.33 डायऑप्टर (हे या जोराचं एकक), 40 सेंटिमीटरवरच्या टॅबसाठी 2.5 आणि 20 सेंटिमीटरवरच्या मोबाइलसाठी 5. कार्टून तेच असलं तरी मोबाइलवर बघताना डोळ्याला टीव्हीच्या पंधरापट जोर लावावा लागतो.

आणि मोबाइल 20 सेंटिमीटरवरही टिकत नाही. लोळून व्हिडिओ बघणारं चार वर्षांचं मूल थोडा वेळ नीट न्याहाळा. सुरुवातीला मोबाइल पोटावर टेकवलेला असतो. मग गुडघे वर येतात, कोपर दुमडतं आणि मोबाइल नाकाकडे सरकत जातो. मूल कुशीवर वळलं की एक डोळा उशीत जातो आणि दुसरा एकटाच अगदी जवळून बघत राहतो. पापण्यांची उघडझाप मंदावते, डोळे कोरडे पडतात, मग चोळणं सुरू होतं. पडदा लहान, अक्षरं लहान आणि धरणारा हातही लहान, त्यामुळे अंतर वाढवायला जागाच उरत नाही. माझ्या मते लहान मुलांसाठी मोबाइल हा या तिघांतला सगळ्यात वाईट पर्याय आहे.

टॅबचं सगळं स्टँडवर अवलंबून आहे. टेबलावर उभा केला, मूल खुर्चीत ताठ बसलं, तर 40 सेंटिमीटरचं अंतर राखता येतं. मांडीवर घेतला की तो मोठा मोबाइलच झाला.

टीव्ही डोळ्यांना सगळ्यात सोयीचा. त्याचा दोष वेगळा आहे: तो चालू राहतो आणि वेळ कुणाच्या लक्षात येत नाही. एक खूण मात्र टीव्हीच देतो. मूल मागे बसवूनही पुन्हा पुन्हा पडद्याजवळ जात असेल, तर ती सवय समजून रागावू नका, डोळे तपासून घ्या.

पुस्तकालाही यात सूट नाही. 20 सेंटिमीटरवरचं पुस्तक डोळ्याकडून तेवढाच जोर मागतं. फरक इतकाच, की पान उलटताना, चित्र दाखवताना नजर वर उठते. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो तेव्हा ती उठत नाही.

आता वेळ. 2025 साली 45 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला स्क्रीनचा एक तास वाढला की मायोपियाची शक्यता 21 टक्क्यांनी जास्त आढळली. हा संबंध आहे, थेट कारणाचा पुरावा नव्हे, कारण जास्त स्क्रीन बघणारी मुलं बहुधा बाहेरही कमी जातात. आणि बाहेर जाण्याची बाजू फार भक्कम आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज 40 मिनिटं जास्त बाहेर नेलं. तीन वर्षांनी त्यांच्यात मायोपिया झालेली मुलं 30.4 टक्के होती, तर बाकीच्या शाळांत 39.5 टक्के. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या अनेक पट असतो. त्या उजेडाने नेत्रपटलात डोपामिन नावाचं रसायन स्रवतं आणि नेत्रगोलाची वाढ आटोक्यात राहते, असं मानलं जातं.

त्यामुळे ‘अर्धा तास स्क्रीन कमी करू की अर्धा तास बाहेर नेऊ’ असा पेच असेल, तर मी बाहेर नेण्याच्या बाजूने आहे. नेत्रतज्ज्ञ रोज दोन तास सुचवतात. सलग जमत नसेल तर तुकड्यांत चालेल. थेट सूर्याकडे मात्र बघू द्यायचं नाही.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवर खर्च करू नये. त्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो, असं वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2023 च्या आढाव्यात आढळलं नाही. तो आढावा मोठ्यांवरच्या चाचण्यांचा होता, पण मुलांसाठी ते घ्यावेत असंही त्यातून काही निघत नाही. अंतर तर हे चष्मे वाढवतच नाहीत.

वयाचा निकष सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या शिफारशींनुसार दोन वर्षांखालच्या बाळांना स्क्रीन नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलला बालरोगतज्ज्ञ सहसा हरकत घेत नाहीत. तेवढ्या वेळात फोन मोठ्यांनीच हात लांब करून धरावा.

नंबर आधीच लागला असेल, किंवा आई-बाबा दोघांनाही मायनस नंबर असेल, तर उपकरणांची ही तुलना पुरेशी नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी करून घ्या आणि नंबर वाढण्याचा वेग कमी करणारे अ‍ॅट्रोपिनचे सौम्य थेंब किंवा खास भिंगं आपल्या मुलाला लागू पडतील का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.