‘नाही झालं तर पैसे परत’

दहावी-बारावीचा निकाल लागला की सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव, खटाव, माण तालुक्यांकडच्या घरांत एक माणूस चहाला यायला लागतो. ओळखीतलाच असतो, निदान मामाच्या ओळखीतला तरी. पोरगं सैन्यभरतीसाठी पहाटे पळायला जातं हे त्याला आधीच ठाऊक असतं. उसाचं बिल, पाऊस, पाहुणेरावळे असं फिरून बोलणं शेवटी मुद्द्यावर येतं: “आप्पा, पोरगं आपलंच आहे. आतला माणूसही आपला आहे. चार लाख. नाही झालं तर पैसे परत, माझा शब्द.”

घरच्यांना धीर येतो तो यातल्या शेवटच्या वाक्याने. मेख तिथंच आहे.

समजा, दलालाने दहा पोरांकडून प्रत्येकी चार लाख घेतले. झाले चाळीस लाख. यानंतर तो काहीही करत नाही. कुणाला फोन नाही, कुणाला पाकीट नाही. दहातली दोन पोरं आपल्या पायांच्या आणि अभ्यासाच्या जोरावर लागतात, कारण वर्षभर घाम त्यांनीच गाळलेला असतो. त्यांचे आठ लाख दलालाच्या खिशात. शिवाय ती दोन घरं गावभर सांगतात, “पैसे दिले, काम झालं.” याहून भारी जाहिरात कुठली? उरलेले बत्तीस लाख वर्षभर त्याच्याकडे बिनव्याजी फिरतात. जो दारात येऊन आरडाओरडा करतो त्याला नव्या पोराच्या पैशातून थोडे परत, जो गप्प बसतो त्याला ‘पुढच्या भरतीला बघू’. तेव्हा कुणाला पैसे परत मिळाले म्हणून तो माणूस सचोटीचा ठरत नाही. पैसे परत करणं हाच त्याच्या धंद्याचा भाग आहे.

ज्या जिल्ह्यात अपशिंगेसारख्या गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे, तिथं हा धंदा चालतो याचं नवल नाही. वर्दीची ओढ खरी असते, दलाल तिच्यावरच जगतो.

आता ‘सेटिंग’ला जागा कुठे असते ते बघू. अग्निवीर भरतीत 2023 पासून आधी संगणकावर सामायिक परीक्षा, मग मैदान. अर्ज ‘जॉइन इंडियन आर्मी’ या सरकारी संकेतस्थळावरच भरायचा. 2023 च्या भरतीत उमेदवाराच्या वाट्याचं शुल्क 250 रुपये होतं, तेही तिथंच ऑनलाइन. मैदानात 1.6 किलोमीटर धाव, बीमवर पुल-अप, 9 फुटी खड्ड्यावरून उडी, झिगझॅग पट्टीवर तोल. पुढे मेडिकल, आणि निवड यादी रोल नंबरनिशी त्याच संकेतस्थळावर. सातारा-सांगलीची पोरं कोल्हापूरच्या सैन्य भरती कार्यालयाखाली येतात. शंका आली तर विचारायचं ठिकाण ते, दलाल नव्हे.

दलालाला सगळ्यात जास्त हात मारता येतो तो मेडिकलला. कानात मळ निघाला म्हणून पोराला तात्पुरतं अनफिट ठरवलं, की संध्याकाळी फोन येतो: “साहेबांशी बोलतो, पण अजून पन्नास हजार लागतील.” तात्पुरत्या अनफिट उमेदवाराला लष्करी रुग्णालयात फेरतपासणी मिळतेच, हे घरच्यांना माहीत नसतं. पोरगं कान साफ करून जातं, पास होतं आणि श्रेय दलालाला मिळतं. त्यापेक्षा मैदानाच्या पंधरा दिवस आधी सिव्हिलमध्ये कान, दात आणि रंग ओळखायची नजर तपासून घ्या. गुडघे एकमेकांना घासतात का, तळपाय सपाट आहे का, हेही आधीच बघा. रंगांधळेपणा असेल तर कोणताही ‘आतला माणूस’ तो घालवू शकत नाही. चार लाख देण्यापूर्वी हे कळलेलं बरं.

पगाराचाही हिशेब करा. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 9,000 निधीत जमा, हातात 21,000. चार लाख म्हणजे एकोणीस महिन्यांची हातातली कमाई. नोकरी चार वर्षांची, पुढे कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. ‘कायमची सरकारी नोकरी’ असं दलाल सांगतो, तेव्हा त्याला योजनाच माहीत नसते किंवा तुम्हाला माहीत नसावी अशी त्याची इच्छा असते.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं जॉइनिंग लेटर मोठं करून बघा. चिन्ह धुरकट, शिक्का तिरका, पाठवणारा पत्ता जीमेलचा, आणि खाली बारीक ओळ: गणवेश व मेस डिपॉझिट अमुक हजार. लष्कर गणवेशाचे पैसे आधी मागत नाही. यादीत रोल नंबर नसेल तर पत्राला रद्दीची किंमत.

मूळ मार्कलिस्ट आणि दाखला मात्र कुणाकडेही ‘तारण’ ठेवू नका. ठेवला असेल तर घाबरून आणखी पैसे देऊ नका. मार्कलिस्टची दुय्यम प्रत शाळेमार्फत बोर्डाच्या कोल्हापूर विभागीय मंडळाकडून मिळते. (पहाटेच्या सरावाची, मेसची रीतसर पावती देणाऱ्या अकॅडमीची फी वेगळी. निवडीच्या हमीचे पैसे मागितले की ती अकॅडमी राहत नाही.)

पैसे गेलेच असतील तर ते कसे गेले यावर पुढचं ठरतं. यूपीआयने गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. रोख दिले असतील तर मेसेज, कॉल रेकॉर्डिंग, साक्षीदार गोळा करून पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्या, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. “तुम्हीही लाच दिलीत, तुम्हीच अडकाल,” असा दम दलाल हमखास देतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणंही गुन्हा आहे, त्यामुळे ही भीती अगदीच पोकळ नाही. म्हणून आधी वकिलाशी बोला. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत मदतीसाठी अर्ज करा.

बऱ्याचदा दलाल परतीचा चेक देतो आणि मग, “आज टाकू नका, खात्यात पैसे यायचेत,” असं सांगत राहतो. चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो, तेवढीच त्याला कळ काढायची असते. मुदतीत टाकून बाउन्स झाला तर बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस, नोटीस पोचल्यावर पैसे द्यायला त्याला 15 दिवस, आणि नंतर महिनाभरात कोर्टात तक्रार. पैसे वशिल्याचे होते, ते देणंच बेकायदा, असा बचाव समोरून येऊ शकतो, पण मुदत हुकली तर तिथवरही जाता येत नाही. तेव्हा ‘पुढच्या सोमवारी’ दुसऱ्यांदा ऐकलं की चेक बँकेत टाका, त्याला न विचारता.