वाचनात मागे पडलेली मुलं: वेगळा गट करायचा की वर्गातच मदत करायची?

तिसरी ते पाचवीत नीट वाचता न येणारी मुलं असतातच, त्यांच्यासाठी एक रस्ता म्हणजे शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेसारखं इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट करायचे (प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट) आणि रोज ठरलेला तासभर त्याच पातळीवर काम करायचं, दुसरा म्हणजे मुलाला त्याच्याच वर्गात ठेवून जमेल तशी मदत करायची.

माझं मत गटाच्या बाजूने. भरलेल्या वर्गात बाराखडीतच अडकलेल्या पोराकडे लक्ष पुरत नाही हो, तो धडा पाठ म्हणून दाखवतो आणि आपल्याला वाटतं वाचतोय, पण मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा, 'पाणी'चं 'पानी' पण येत नाही, नुसता आपल्या तोंडाकडे बघत बसतो. छोट्या गटात हे लगेच कळतं.

अडचणी आहेत. पाचवीतल्या मुलाला तिसरीतल्यांसोबत बसायची लाज वाटते, म्हणून 'कच्चा गट' असलं नाव चुकूनही द्यायचं नाही आणि दर काही आठवड्यांनी तपासून मुलं पुढच्या गटात सरकवायची, नाहीतर शिक्काच बसतो. द्विशिक्षकी शाळेत तर दोघांनी एकच तास राखून ठेवला तरच जमतं.

परिच्छेद वाचणारं पण अडखळणारं मूल असेल तर मात्र वर्गातच ठेवा, जोडीने मोठ्याने वाचायला लावा, पुरतं तेवढं. आणि मेहनत घेऊनही अक्षरंच लक्षात राहत नसतील तर आधी डोळे-कान तपासा, मग डिस्लेक्सियाची (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अवघड जाणं) तपासणी करून घ्या.